रघूभावजींचा दर्याशी ठराव

आमच्या शेजारचे रघूभावजी सकाळी उठले की आधी आभाळाकडे बघतात आणि मग माझ्या कचऱ्याच्या बादलीकडे. बादलीत काटे किती, कोलंबीची सालं किती, हे कुंपणावरून वाकून नीट पाहून घेतात आणि त्यावरून हवेचा अंदाज सांगतात. "काल सुरमई झाली वाटतं, वैनी. दुपारी वारा उठणार." किंवा, "आज बादली हलकी हाय. पाऊस वेळेवर येईल." वेधशाळेचा अंदाज चुकतो तसा त्यांचाही चुकतो. पण वेधशाळा माझ्या बादलीत डोकावत नाही.

दिवेआगरला आमच्या घरी पाहुण्यांच्या राहण्याजेवण्याची घरगुती सोय आहे. माणसं येतात ती समुद्र बघायला म्हणून येतात आणि मासे खाऊन जातात. समुद्र त्यांनी बघितला की नाही हे मी कधी विचारत नाही, मासे आवडले का एवढं विचारते. आता अशा घराच्या शेजारी असा माणूस असावा, हे माझ्या पत्रिकेतच असणार. पाहुणे अंगणात पहिला घास तोंडात घालतात आणि कुंपणापलीकडून आवाज येतो, "खा, खा. पोटभर खा. पण दर्या बघतोय हां." पुण्याच्या एका गृहस्थांच्या हातातला तळलेला बांगडा तसाच राहिला होता. मी भावजींना सांगून दमले की मी खानावळ चालवते, कीर्तन नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

हेच रघूभावजी एके काळी काय खात होते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. होडी जवळच्या भरडखोलच्या किनाऱ्याला लागायच्या आत हे वाळूत उभे. गाभोळीवर, म्हणजे माशाच्या अंड्यांवर, त्यांचा इतका जीव की मासा विकत घेताना आधी त्याचं पोट चाचपायचे. लग्नाकार्यात त्यांच्या पंक्तीला बसायला माणसं कचरायची, कारण वाढपी त्यांच्यापाशीच अडकून पडायचा. शालूताई, म्हणजे त्यांची बायको, तिच्या हाताला फार चव. तिच्या कोलंबीच्या कालवणाचं पातेलं घासायची वेळ तिच्यावर क्वचितच यायची, कारण भावजी ते भाकरीनं पुसून घ्यायचे.

मग २०२०चं वादळ आलं. त्या एका दिवसात आमच्या गावाचं काय झालं ते आता पुन्हा सांगत बसत नाही. रघूभावजींच्या वडिलांनी लावलेली सुपारीची वाडी सकाळी उभी होती आणि संध्याकाळी आडवी होती. नारळ तर मुळासकट उपटले. घराच्या मागच्या पडवीवर माड पडला तेव्हा हे दोघं माजघरात होते, म्हणून वाचले.

पुढच्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी उतरली होती. बारीकशी, चष्मेवाली, समुद्राचा अभ्यास करणारी. ती मासे खात नव्हती, म्हणून मी तिला अळूचं फदफदं आणि केळफुलाची भाजी करून घालत होते. संध्याकाळी अंगणात चहा घेताना रघूभावजींनी तिला सहज विचारलं की असं वादळ पूर्वी कधी आलं नव्हतं, मग आत्ताच का? तिनं समजावून सांगितलं. समुद्र तापतोय, तापलेल्या समुद्रावर वादळं पोसली जातात. पृथ्वी तापायची कारणं पुष्कळ, गाड्या, कारखाने, कोळसा. आणि त्यातच एक आपलं खाणं. मांसासाठी जनावरं वाढवायची, त्यांच्या चाऱ्यासाठी जंगलं तोडायची, गुरांच्या ढेकरांतूनसुद्धा हवा तापवणारा वायू निघतो. वर मोठमोठी जाळी समुद्राचा तळ खरवडून काढतात.

रघूभावजींनी कप खाली ठेवला. "म्हंजे माझ्या खाण्यानं?"

"थोडंसं तुमच्याही," ती बिचारी हसून म्हणाली.

त्यातलं 'थोडंसं' भावजींना ऐकूच गेलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं. आख्ख्या तालुक्यात आपल्याइतकं कोणी खाल्लेलं नाही, तेव्हा या वादळात मोठा वाटा आपलाच, अशी त्यांची खात्री पटली. मुलगी घाबरली. एका माणसाच्या जेवणानं वादळ येत नाही, कारखान्यांचं त्याहून कितीतरी जास्त आहे, असं ती परोपरीनं सांगत राहिली. भावजी म्हणाले, "कारखाने माझ्या हातात न्हाय, पोरी. तोंड माझ्या हातात हाय." आणि त्या दिवसापासून त्यांनी मटण, कोंबडी, मासे, सगळं सोडलं. मी दर्याशी ठराव केलाय, असं गावभर सांगितलं. मी मासा सोडायचा, त्यानं वादळ सोडायचं. वाडीत नवी सुपारीची रोपं लावली होती, केळीच्या सावलीत, गुडघ्याएवढी. ती उभी राहून फळायला लागेपर्यंत दर्यानं आपला शब्द पाळायचा, असा तो ठराव होता. दर्याची सही कुठं घेतली, असं आमच्या ह्यांनी विचारलं तर भावजी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

ठराव एकाच्या तोंडचा, पण झळ सगळ्यांना. त्यांचा बोका पहिल्याच महिन्यात आमच्याकडे राहायला आला, तो परत गेला नाही. पलीकडच्या आळीत एकीच्या म्हशी आहेत. त्यांचे ढेकर कमी व्हावेत म्हणून हे गुळाच्या खड्यात ओवा घालून त्यांना चारायला गेले. म्हशींना तो इतका आवडला की भावजी दिसले की त्या दावं ओढायला लागल्या आणि शेवटी एक दावं तोडून त्यांच्या पाठोपाठ आमच्या अंगणापर्यंत आली. चहातलं दूधही बंद करायचं त्यांच्या मनात होतं. तिथं मात्र शालूताईनं शांतपणे सांगितलं की दर्यानं चहाबद्दल काही कळवलेलं नाही.

भरडखोलची हौसा टोपली घेऊन आमच्या आळीत येते. तिच्या टोपलीतलं बोटभर पापलेट उचलून भावजी विचारतात, "ह्याचं लग्न झालं व्हतं काय गं?"

"लग्न कुठलं, मुंजसुद्धा न्हवती झाली," हौसा म्हणते. "तुमी लावताय काय?"

असं रोज चालायचं. पण एक सांगते, आता आमच्या आळीत हौसा बारकी मासळी आणत नाही. कटकट नको म्हणून आणत नाही म्हणते. एकदा मात्र टोपली डोक्यावर घेता घेता मला म्हणाली की काका येडा असंल, पण खोटं न्हाय बोलत. तिच्या नवऱ्याला आता मासळीसाठी पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जावं लागतं आणि जाळ्यात येते ती मासळीही अशीच अर्धी वाढलेली. हे ती भावजींसमोर मरेपर्यंत कबूल करणार नाही.

मनानं मासे सोडले तरी जिभेनं कुठे सोडले होते? शालूताईला त्यांची दया यायची. ती सुरणाचे काप सुरमईच्या तुकड्यासारखे कापून, कोकमाचं आगळ आणि तिखट लावून, रव्यात घोळवून तळायची. कच्च्या केळ्याचं 'पापलेट' व्हायचं. भावजी डोळे मिटून खायचे आणि मधेच, सवयीनं, जिभेवरचा नसलेला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवायचे. आमच्याकडे कोलंबी फोडणीला पडली की ते वाडीच्या पार शेवटच्या टोकाला जाऊन पाणी शिंपत बसत. एकदा मी म्हटलं, भावजी, एवढे हाल कशाला? आठवड्यातून एकदा खाल्लंत तर दर्या काही कोर्टात जाणार नाही. ते म्हणाले, "शब्द दिलाय." रोपं तेव्हा कमरेला लागली होती.

असं सगळं सुरळीत चालू असताना गेल्या मे महिन्यात बोर्ली पंचतनला माझ्या भावाच्या नातीचं बारसं निघालं. माझं माहेर बोर्लीचं, आणि रघूभावजींचा माझ्या भावाशी जुना घरोबा, त्यामुळे त्यांनाही आमंत्रण होतं. शालूताईचे गुडघे दुखत होते, ती घरीच राहिली. मी भावजयीला आधीच फोन करून बजावलं होतं की भावजी आता शाकाहारी आहेत, अगदी पक्के. ती म्हणाली, काही काळजी करू नका वन्सं, त्यांच्यासाठी वेगळं पातेलं लावते.

लावलं तिनं. वांगी-बटाट्याची रसदार भाजी, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावानं, खास त्यांच्यासाठी. भावजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग दुसरा घेतला. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की त्यांना तसं जेवताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भाजी पुन्हा मागितली, परत मागितली. भातावर घेतली, भाकरीबरोबर घेतली आणि शेजारी सोलकढी-पापलेटावर ताव मारणाऱ्या मंडळींना व्याख्यान सुरू केलं. बघा, म्हणाले, लोकांना वाटतं भाजीला चव नसते. करणाऱ्याचं मन त्यात पाहिजे. ही भाजी खाल्ल्यावर कोण मासा मागेल?

माझी भावजय दारात उभी राहून कौतुकानं ऐकत होती. पदराला हात पुसत म्हणाली, "यंदाचा जवळा चांगला आला हाय ना, म्हणून."

आता हे बाहेरच्या माणसाला कसं सांगावं. आमच्याकडे जवळा हा मासा धरत नाहीत. वाळवलेली ती एवढीएवढीशी कोलंबी, नखाएवढीसुद्धा नाही. डब्यात असते, हिंग-मोहरीच्या शेजारी. वांग्यात मूठभर, वालात मूठभर, चवीपुरती. भाजी ती भाजीच राहते. माझ्या भावजयीनं लबाडी केली नव्हती. उलट भावजींना मासे नाहीत म्हणून बिचारीनं मूठभर जास्तच टाकला होता.

पंक्तीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं आता भावजी ताट भिरकावणार. त्यांनी काही केलं नाही. ताटावरून उठले, चुळा भरल्या, भरतच राहिले. बाळाच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि मला म्हणाले, "वैनी, निघूया." परतताना रिक्षात मी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण ते रस्त्याकडे बघत राहिले. वाटेत समुद्र दिसतो तिथे त्यांनी मान फिरवली. मी मनातल्या मनात हसत होते हे कबूल करते. मूठभर जवळ्यानं एवढा मोठा माणूस गप्प झाला होता, आणि माझ्या बादलीला निदान दोन दिवस तरी सुट्टी मिळणार होती.

सुट्टी मिळाली, पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, वादळाची शक्यता, किनाऱ्यावरच्या लोकांनी सावध राहावं. पंचायतीची गाडी भोंगा लावून फिरली. माझे पाहुणे जेवण अर्धं टाकून पुण्याला पळाले. आमचे हे पत्र्यांवर दगड ठेवायला वर चढले आणि मी पाण्याची भांडी भरून घेत होते, तेवढ्यात रघूभावजी मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. कधी येत नाहीत. माशांच्या भांड्यांना शिवायला नको म्हणून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. चेहरा पार उतरला होता.

मला त्यांच्या मनातलं कळलं. मी म्हटलं, भावजी, वेडेपणा करू नका. मूठभर जवळ्यानं वादळ येत नाही.

"ते मला ठाऊक हाय, वैनी," ते म्हणाले. "मी काय येडा हाय?"

मी हातातली कळशी खाली ठेवली. एवढी वर्षं आख्खं गाव ज्या गोष्टीला हसलं, त्या गोष्टीबद्दल हा माणूस मला असं म्हणत होता.

मग ते उंबऱ्यातच बसले आणि बोलले. त्या मुलीनं सांगितलं ते त्यांना पटलं होतं. आपल्या खाण्याचा दर्यावर भार पडतो, तर तेवढा आपण उतरवावा, हे त्यांना तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पण एकट्यानं मासे सोडले म्हणून वादळ थांबत नाही हे काय कळत नाही? ठराव दर्याशी नव्हताच. त्या वादळानंतर शालूताई झोपत नव्हती. जरा वारा सुटला, माडाची झावळी वाजली, की उठून माजघराच्या दाराला पाठ लावून बसायची. त्या दिवशी पडवी कोसळली तेव्हा ती तशीच बसली होती. डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या, देव झाले. पाऊसकाळभर ही बाई बसूनच काढायची. भावजींना काय करावं ते कळेना.

"मग ती पोरगी बोलली तेव्हा मला सुचलं," ते म्हणाले. "मी शालूला सांगितलं, मी दर्याशी बोलून घेतलंय. मी मासा सोडला, आता वादळ येत न्हाय. तू नीज. आणि ती निजली, वैनी. माझ्या शब्दावर निजते ती. आता तिला कळलं मी जवळा खाल्ला, तर?"

ज्या माणसाला गाभोळीच्या वासानं झोपेतून जाग यायची, त्यानं बायकोला झोप यावी म्हणून एवढी वर्षं सुरण चघळला होता. वर गावाची थट्टा अंगावर घेतली होती आणि तो ठराव खरा वाटावा म्हणून माझ्या बादलीत रोज डोकावत होता. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. मी म्हटलं, कोणाला काही बोलणार नाही. ते उठले आणि रोपांना काठ्या बांधायला वाडीत गेले.

दुपारी वारा वाढला. आभाळ काळं झालं नव्हतं, पिवळट झालं होतं, आणि आमच्याकडे त्या रंगाची सगळ्यांनाच भीती बसली आहे. मी शालूताईकडे गेले, म्हटलं थोडा वेळ सोबत होईल. ती माजघरात चटई अंथरत होती. खिडकीतून भावजी दिसत होते, हातात सुंभाची गुंडाळी घेऊन एकेक रोप काठीला बांधत होते. रोपं आता त्यांच्या डोक्याच्या वर गेली होती आणि वाऱ्यानं सारखी झुकत होती.

"सुमन," शालूताई मला म्हणाली, "तुझ्या भावजयीचा फोन आला व्हता, बारशाच्याच संध्याकाळी. फार वाईट वाटत व्हतं तिला. म्हटलं, असू दे, जेवले ना पोटभर? बरं झालं."

मी म्हटलं, ताई, म्हणजे तुम्हांला माहीत आहे? आणि तरी भीती नाही वाटत?

"भीती वाटायची काय राहते गं?" ती उशी सारखी करत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून वाटते. वारा सुटला की अंगाचं पाणी होतं. झोप कुठली यायला? डोळे मिटून पडते नुसती. मी निजले असं दिसलं की ते घरात येतात. न्हायतर तिकडंच वाऱ्यात बसतील, झाडं धरून." मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना सांगू नको हां. त्यांना वाटतं मी निजते. तेवढ्यावर त्यांनी मासे सोडलेत."

ती चटईवर आडवी झाली आणि डोक्यापर्यंत चादर ओढून घेतली. मी खिडकीपाशी बसून राहिले. बाहेर झावळ्या आपटत होत्या. ते वादळ पुढे आमच्या बाजूला आलंच नाही, समुद्रातच वळून दुसरीकडे गेलं, पण त्या घटकेला आम्हां कोणालाच ते ठाऊक नव्हतं.

मागच्या दाराची कडी वाजली. रघूभावजी आत आले, अंगाला माती, हाताला सुंभाचे ओरखडे. दारातच त्यांनी पायातल्या चपला हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि पावलं न वाजवता चटईपर्यंत आले. वाकून बघितलं. मला जिथून दिसत होतं तिथून चादरीच्या कडेला शालूताईची मूठ दिसत होती. चादर तिनं मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. भावजींच्या बाजूनं ती दिसत नव्हती.

ते सरळ झाले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"निजली काय?" त्यांनी मला अगदी हळू विचारलं.

"गाढ," मी म्हटलं.

ते तिच्या उशापाशी भिंतीला टेकून बसले, आणि वाऱ्याचा मोठा झोत आला तेव्हा त्यांनी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, ती जागी होऊ नये इतका हलका.